पाच महिने कोड, ९ बुकिंग आणि रिसेप्शनवरची वही

पहिलंच सांगून टाकतो, आमचं पहिलं प्रॉडक्ट कोणी वापरलं नाही. अगदीच कोणी नाही असं नाही, दोन महिन्यांत ९ बुकिंग झाली, त्यातली ४ माझ्या घरच्यांनी आणि मित्रांनी केलेली, आणि त्यातल्या दोघांचे दात ठणठणीत होते. ॲप दातांच्या डॉक्टरांसाठी होतं. म्हणजे आम्ही तसं सांगायचो, पण ते डॉक्टरसाठी आहे की पेशंटसाठी हे आम्ही कधी नीट ठरवलंच नव्हतं. पेशंटने जवळचा डेंटिस्ट शोधायचा, रिकामी वेळ बघून बुक करायचं, आणि प्रत्येक बुकिंगमागे डॉक्टरने आम्हाला थोडं कमिशन द्यायचं. पाच महिने रात्री जागून मी कोड लिहिला. माझी पार्टनर आधी सेल्समध्ये होती, कॉलेजपासूनची मैत्रीण, ती पहिल्या महिन्यापासून म्हणत होती की अरे आधी विकून बघू, मग बनव. मी म्हणायचो, बनवल्याशिवाय विकणार काय, हवा?

तेव्हा ती मला झॅपोसची गोष्ट ऐकवायची. १९९९ मध्ये निक स्विनमर्नला ऑनलाइन बूट विकायचे होते तर त्याने आधी गोदाम भरलं नाही, दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून विकत घेऊन पाठवले. त्याला एवढंच बघायचं होतं की पायात घालून न बघता लोक बूट घेतात की नाही. मला ही गोष्ट पाठ होती, मीच तिला दोनदा सांगितली असेन, पण आपल्याला लागू करायची वेळ आली की माझं ठरलेलं वाक्य तयार असायचं: आपलं वेगळं आहे.

कॅनव्हास पण भरला होता बरं का. ऑस्टरवाल्डरचा तो नऊ चौकटींचा 'बिझनेस मॉडेल कॅनव्हास', अख्खा धंदा एका कागदावर मांडायचा तक्ता, ग्राहक कोण, त्याला काय देणार, पैसे कुठून येणार, खर्च कशावर, सगळं एका संध्याकाळी भरून भिंतीवर चिकटवलं आणि आता आपल्याकडे बिझनेस मॉडेल आहे असं समजून मोकळे झालो. ॲप पडल्यावर पार्टनरने तो कागद उतरवला आणि पेन्सिलने प्रत्येक वाक्यासमोर एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' एकूण २२ वाक्यं होती. त्यातल्या २ वाक्यांसमोर आम्हाला काहीतरी लिहिता आलं. बाकीची २० आम्ही दोघांनी एकमेकांना सांगून सांगून खरी करून घेतली होती.

मग लोकांशी बोलायला निघालो. स्टार्टअपवाल्यांना शिकवणारा स्टीव्ह ब्लँक किती वर्षं सांगतोय की ऑफिसच्या बाहेर पडा, तर पडलो एकदाचे. पहिल्या १० डॉक्टरांशी बोललो आणि १० पैकी ९ जण म्हणाले छान आयडिया आहे, नक्की वापरू. मी हवेत. पार्टनरने डॉक्टरांना विचारून दोन-तीन बोलणी फोनवर रेकॉर्ड केली होती, ती रात्री बसून ऐकली आणि माझी मलाच लाज वाटली, कारण तासभराच्या बोलण्यात जवळजवळ चाळीस मिनिटं मीच बोलत होतो. आणि माझे प्रश्न कसे, तर "डॉक्टर, पेशंट वेळेवर आले तर तुम्हाला आवडेल ना?" अहो, याला नाही कोण म्हणणार!

पुढच्या खेपेला नियम केला की ॲपचं नावही काढायचं नाही, आणि 'वापराल का', 'आवडेल का', 'किती द्याल' असले पुढचे प्रश्न पूर्ण बंद. फक्त मागचं विचारायचं. गेल्या आठवड्यात एखादा पेशंट सांगून आला नाही असं झालं का, कधी, मग तुम्ही त्या वेळात काय केलंत, त्याला फोन केला का, कोणी केला, पुढे काय झालं. आणि इथे आमचं मूळ गृहीतकच कोसळलं, कारण पेशंट न येणं हा बहुतेकांना फारसा त्रासच नव्हता. कोणी आधीच एका वेळेला दोघांना बोलवून ठेवतं, कोणी त्या वेळात कागदपत्रं उरकतं, एक डॉक्टर तर म्हणाल्या की बरं झालं, त्यामुळे मला पाठ टेकायला मिळते.

बाराव्या की तेराव्या क्लिनिकमध्ये असू, डॉक्टर आत पेशंट बघत होते म्हणून आम्ही रिसेप्शनवरच्या ताईंशी बोलत बसलो. पार्टनरने सहज विचारलं, ताई, एकदा येऊन परत न आलेले पेशंट तुम्ही कसे लक्षात ठेवता? त्यांनी खण उघडला आणि एक वही काढली. कोपरे दुमडलेली, अर्धं कव्हर गेलेली, आत नुसती नावं, फोन नंबर आणि पुढे 'कॅप बाकी', 'कॅप बाकी', 'दोन दात बाकी'. रूट कॅनाल केलं की दुखणं थांबतं, दुखणं थांबलं की माणूस कॅप, म्हणजे दातावरचं आवरण, बसवायला येत नाही, आणि रूट कॅनाल झालेला मागचा दात कॅपशिवाय ठेवला की तो तुटायचा धोका वाढतो. पेशंटचं नुकसान, डॉक्टरांचं अर्धवट काम, आणि सगळं त्या वहीत. मी विचारलं, मग फोन करता का यांना? म्हणाल्या, वेळ मिळाला तर.

एखादा माणूस सांगतो की मला हा त्रास आहे, त्यापेक्षा त्या त्रासावर त्याने स्वतःच काहीतरी वेडीवाकडी सोय करून ठेवलेली दिसली की समजायचं, त्रास खरा आहे. वही, भिंतीवरची चिठ्ठी, कोणीतरी हाताने चालवलेली एक्सेल शीट. आम्ही मागे जाऊन आधीच्या क्लिनिकमध्ये विचारलं, तर आणखी चार ठिकाणी असली वही किंवा रजिस्टर निघालं. एवढे दिवस ते आमच्यापासून दोन हातांवर होतं आणि आम्ही आत डॉक्टरांना ॲप दाखवत बसलेलो.

आता इथे शहाण्यासारखं वागायला हवं होतं, पण मी परत माझ्या वळणावर गेलो. मला ड्रॉपबॉक्स (फाइली ऑनलाइन ठेवायची सेवा) सारखं करायचं होतं. ड्रू ह्यूस्टनने २००८ मध्ये एक साधा डेमो व्हिडिओ टाकला आणि वेटिंग लिस्ट एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली, तर आपणही व्हिडिओ करू. केला, आठवडा घालवून केला. कोणीही बघितला नाही. नंतर डोक्यात उजेड पडला की त्याचा व्हिडिओ डिग नावाच्या साइटवरच्या मंडळींसाठी होता, त्यात त्यांनाच कळतील असे विनोद पेरलेले, आणि ती मंडळी म्हणजेच त्याचे ग्राहक. आमचे डॉक्टर दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघत असतात, ते व्हिडिओ कधी बघणार?

मग बफरसारखं करू म्हटलं, सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकून देणारं ते ॲप. जोएल गॅस्कॉइनने २०१० मध्ये प्रॉडक्ट नसतानाच एक वेबपान टाकलं होतं, नंतर मध्ये किमतींचं पान घातलं आणि बघितलं की किंमत बघूनही लोक पुढे जातात का. आम्ही तसंच पान केलं, अर्धवट ट्रीटमेंटचे पेशंट परत आणून देतो, तीन प्लॅन, आणि शेवटी 'नंबर द्या, आम्ही फोन करतो'. ६० क्लिनिकना ईमेल पाठवला. पाठवायच्या आधी पार्टनरने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती लिफाफ्यात घालून बंद केली. मला आधी ते नाटकी वाटलं. दोन आठवड्यांनी आकडे आले: ३१ जणांनी पान उघडलं, १९ जणांनी किमती बघितल्या, २ जणांनी नंबर दिला. मी खूश, कारण ६० पैकी १९ म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश लोकांना इंटरेस्ट आहे. तिने लिफाफा फोडून माझ्यासमोर ठेवला. आत लिहिलं होतं, 'किमान ६ जणांनी नंबर दिला तर पुढे. नाहीतर नाही.'

त्या रात्री आम्ही खूप भांडलो. मी म्हटलं ६ हा आकडा तू कुठून आणलास, काय शास्त्र आहे त्यात? ती म्हणाली, काही शास्त्र नाही, पण आता १९ हा आकडा तू कुठून आणलास? निकाल यायच्या आधी तू किमती बघणाऱ्यांबद्दल एक शब्द बोलला नव्हतास. आणि हे खरं होतं. निकाल आल्यावर मी त्यातला सगळ्यात देखणा आकडा उचलून तोच आपला निकष होता असं सांगत होतो, आणि मला स्वतःला ते खोटं वाटतही नव्हतं, हीच तर गंमत. तेव्हापासून प्रत्येक टेस्टच्या आधी आकडा लिहून लिफाफ्यात. मी लिहिलेल्या चिठ्ठ्या ती ठेवते, तिने लिहिलेल्या मी.

भांडणातून एक कामाची गोष्ट मात्र निघाली. पान फेल गेलं म्हणजे आयडिया फेल गेली असं नाही, कदाचित टेस्टच चुकीची असेल, असं मी म्हटलं, आणि ती म्हणाली ठीक आहे, पण मग ते आत्ता सांग, पुढची टेस्ट हरल्यावर सांगू नकोस. विचार केल्यावर लक्षात आलं की डेंटिस्ट कुठलीही नवी वस्तू पान वाचून घेत नाहीत, दुसऱ्या डेंटिस्टला विचारून घेतात किंवा समोर आलेल्या माणसाकडून घेतात. म्हणजे समोर जायचं. आणि या वेळी पैसे मागायचे, आधी.

पैसे मागणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. सॉफ्टवेअर नाही, काही नाही, नुसतं सांगायचं की महिनाभर आम्ही तुमच्या क्लिनिकमध्ये बसून तुमच्या जुन्या कार्डांवरून अर्धवट राहिलेल्यांची यादी करू आणि ताईंना फोन करायला मदत करू, महिन्याची फी आज. पैशाचं नाव निघालं की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि तो चेहरा बघायलाच तर आपण गेलेलो असतो. ८ जणांना विचारलं. तिघांनी दिले. एक सरळ नाही म्हणाले. आणि उरलेले चार जण म्हणाले, फार छान, तयार झालं की नक्की या. 'तयार झालं की या' म्हणजे नाही, फक्त माणूस सभ्य आहे. लिफाफ्यात आकडा २ होता, म्हणजे पास.

तो महिना या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोलाचा. मी रिसेप्शनच्या मागे स्टुलावर बसून स्प्रेडशीट भरायचो. पेशंटची माहिती क्लिनिकच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची, फोन क्लिनिकच्याच नंबरवरून, आणि बोलायचं ताईंनीच, हे पहिल्या दिवशी ठरवलं, कारण दुसऱ्याच्या आजाराची माहिती घरी नेणं हा प्रकारच नको. पण त्याचा असा फायदा झाला की खरं काय चालतं ते कानांनी ऐकायला मिळालं. सकाळी केलेले फोन वाया, कोणी उचलत नाही, संध्याकाळी सहानंतर उचलतात. "तुमची कॅप बसवायची राहिली आहे" म्हटलं की समोरचा लगेच सावध, याला पैसे हवेत. "डॉक्टरांनी विचारलंय दात कसा आहे, त्या बाजूने चावता का?" म्हटलं की माणूस पाच मिनिटं बोलतो आणि शेवटी स्वतःच विचारतो, कधी येऊ? हे वाक्य आम्ही शोधलेलं नाही, पहिल्या क्लिनिकमधल्या ताई बोलल्या, आम्ही लिहून घेतलं. पाच महिने खोलीत बसून कोड लिहिताना हे वाक्य मला जन्मात सुचलं नसतं.

पहिल्या क्लिनिकमध्ये ११२ नावं निघाली, ७१ जणांशी बोलणं झालं, २३ जण परत आले. दुसऱ्यात ६४ नावं आणि परत आले फक्त ५. मी म्हटलं, पेशंट वेगळे असतील. पार्टनर तिथे दोन दिवस जाऊन बसली तेव्हा कळलं की तिथल्या ताई फोनच करत नव्हत्या, यादीवर नुसत्या 'उचलला नाही' अशा खुणा करत होत्या. का, तर आम्ही केलेली ती सुंदर यादी डॉक्टरांनी बघितली आणि पहिला प्रश्न त्यांना विचारला, एवढे पेशंट सुटले कसे, तुम्ही करता काय? म्हणजे आमच्या प्रॉडक्टने ज्यांना मदत करायची त्यांच्याच चुकांचा हिशोब मालकांसमोर मांडला होता. पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा, फायदा तिसऱ्याचा, हे कॅनव्हासवर आम्ही 'ग्राहक: डेंटिस्ट' असं एका शब्दात संपवलेलं. मग डॉक्टरांना दिसणारा रिपोर्ट उलटा केला, किती सुटले ते नाही, ताईंनी किती परत आणले ते. ही एवढीशी गोष्ट, पण पुढच्या महिन्यात त्याच क्लिनिकमध्ये १३ जण परत आले.

किंमत ठरवताना आधी पुस्तकी शहाणपणा केला. पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्पची १९७६ ची पद्धत आहे, चार प्रश्न विचारायचे, किती स्वस्त म्हणजे शंका येईल, किती म्हणजे स्वस्त वाटेल, किती म्हणजे महाग वाटायला लागेल, आणि किती म्हणजे घेणारच नाही. १५ डॉक्टरांना विचारलं, सुबक आलेख काढला. नंतर प्रत्यक्ष विकताना आलेखातल्या 'घेणारच नाही' या किमतीलाही दोघांनी घेतलं, आणि 'स्वस्त' किमतीला चौघांनी नाही म्हटलं. माणूस स्वतःच्या खिशाबद्दल जे सांगतो आणि खिशात हात घालताना जे करतो त्यात अंतर असतं, निदान आमच्या १५ जणांत तरी होतं.

मग मला भन्नाट आयडिया सुचली (माझ्या मते): परत आलेल्या प्रत्येक पेशंटमागे पैसे घ्यायचे, पेशंट आला नाही तर काही नाही. ऐकताना किती न्याय्य वाटतं! दोन महिन्यांत वाद सुरू. "हा तर तसाही येणारच होता." "हा फोनमुळे नाही, दात दुखला म्हणून आला." आणि डॉक्टर चूक नव्हते, कारण आम्हालाही माहीत नव्हतं. म्हणून एका डॉक्टरांना तयार करून यादीचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले, ज्यांना उशीर चालणार नाही अशांना डॉक्टरांनी आधीच बाजूला काढून लगेच बोलावलं, उरलेल्यातल्या ६० जणांना फोन, ६० जणांना सहा आठवडे काहीच नाही. फोन केलेल्यांतले १४ आले. न केलेल्यांतले ४ आले. म्हणजे आम्ही १४ चं श्रेय घेत होतो आणि खरं श्रेय १० च्या आसपासचं. (नंतर उरलेल्यांनाही फोन केले अर्थात.) हा आकडा मी स्वतः सगळ्या डॉक्टरांना दाखवला. पार्टनर म्हणाली की वेडा आहेस का, विक्री पडेल. पडली नाही, उलट वाद थांबले. पण हेही कळलं की पेशंटमागे पैसे या मॉडेलमध्ये आपण दर महिन्याला हिशोबावरून भांडणार, म्हणून ते बंद केलं आणि सरळ मासिक फी ठेवली.

मग गाडी चालायला लागली. सॉफ्टवेअर थोडंसं बनवलं, यादी आपोआप निघेल एवढंच. ११ क्लिनिक झाली. स्टार्टअपचं मार्केटिंग करणाऱ्या शॉन एलिसची ती टेस्ट केली, उद्या हे बंद झालं तर किती वाईट वाटेल, आणि 'खूप वाईट वाटेल' म्हणणारे ४० टक्क्यांच्या वर असले तर प्रॉडक्ट बाजाराला पटलंय असा त्याचा ठोकताळा. आमचे ११ पैकी ७ तसं म्हणाले. ६४ टक्के! मी तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला. ११ लोकांची टक्केवारी काढू नये हे मला शाळेतच शिकवलं होतं, पण आनंदात कोण आठवतो. महिन्याला येणारे पैसे वाढत होते, क्लिनिक १९ झाली, मी म्हटलं आता सेल्सची चार माणसं घेऊ.

पार्टनरने दोन दिवस मागितले. तिने एक तक्ता केला, प्रत्येक ओळीत एका महिन्यात आलेली क्लिनिक आणि पुढे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या महिन्याला त्यातली किती उरली. कोहोर्ट म्हणतात त्याला. मी इतके दिवस सगळ्यांची मिळून बेरीज बघत होतो आणि बेरीज वाढत होती, कारण नवीन येत होते. तक्त्यात मात्र प्रत्येक ओळ एकसारखी होती: पहिला महिना सगळे, दुसरा सगळे, तिसरा बहुतेक, आणि चौथ्या महिन्यात धाडकन निम्मे गायब. जे 'खूप वाईट वाटेल' म्हणाले होते त्यातलेही तिघे गेलेले. महिन्याला ५ टक्के ग्राहक गेले तरी वर्षाअखेर १०० चे ५४ उरतात, १० टक्के गेले तर २८, आणि आमचे तर एका महिन्यात अर्धे.

गेलेल्यांना फोन केले. कोणाचीच तक्रार नव्हती! छान काम झालं, यादी संपली, आता काय करू ठेवून? मला खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला. आम्ही वर्षानुवर्षं साठलेलं पाणी उपसून देत होतो आणि ते उपसून झालं की पंपाचं भाडं कोण देणार. नवीन अर्धवट पेशंट दर महिन्याला तयार होतात, पण थोडे, त्या मूळ ढिगाच्या मानाने फारच थोडे. आपली फी मात्र ढिगाच्या हिशोबाने लावलेली.

आणि त्याच वेळी एक क्लिनिक मिळवायला किती खर्च येतो हेही पहिल्यांदा खरं मोजलं. आधी मी तो जवळजवळ शून्य धरायचो कारण जाहिरात करत नव्हतो. पण एका क्लिनिकमागे आम्हा दोघांचे मिळून ११ तास जात होते, ते तास पगारी माणसाचे धरले आणि प्रवास धरला तर खर्च निघायला ९ महिने लागत होते. एका ग्राहकाकडून एकूण जे मिळतं ते त्याला मिळवायच्या खर्चाच्या तिप्पट तरी असावं असं सगळे सांगतात, आमचा ग्राहक चौथ्या महिन्यात निघून जाणारा, तिप्पट सोडा, खर्चही निघत नव्हता. चार सेल्सची माणसं घेतली असती तर दर महिन्याला चौपट वेगाने तोट्यात गेलो असतो. वेबव्हॅनचं असंच काहीसं झालं होतं, किराणा घरपोच द्यायची कंपनी, पहिल्या शहरात गणित जमतंय का हे कळायच्या आत गोदामांसाठी १ अब्ज डॉलरचा करार, १९९९ मध्ये शेअर बाजारात, २००१ मध्ये दिवाळं. आमचं गोदाम वगैरे काही नव्हतं म्हणून वाचलो, अक्कल होती म्हणून नाही.

मॉडेल दोन तुकड्यांत केलं. जुना ढीग साफ करायची एकदाच, थोडी जड फी, आणि त्यानंतर अगदी कमी मासिक फी, ज्यात नवे अर्धवट पेशंट आणि दर सहा महिन्यांच्या तपासणीची आठवण. जुन्यांना जुनाच दर ठेवला, पुढच्या १० क्लिनिकना नवा. याला काटेकोर टेस्ट म्हणता येणार नाही, मधल्या काळात आम्हीही विकण्यात सुधारलो असू, पण तेवढा वेळ आणि क्लिनिक दोन्ही नव्हतं. लिफाफ्यात लिहिलं, चौथ्या महिन्याअखेर १० पैकी ७ उरले पाहिजेत. ८ उरले. आणि एकदाची फी आल्यामुळे क्लिनिक मिळवायचा खर्च पहिल्याच महिन्यात वसूल. विचित्र म्हणजे विक्रीही सोपी झाली, डॉक्टरांना 'ढीग साफ करणे' हे काम एकदम कळतं, 'मासिक सबस्क्रिप्शन' म्हटलं की ते सावध होतात.

आता विक्रीचा रस्ता तपासतोय. कॅप जिथे बनते त्या डेंटल लॅबचा माणूस मापं न्यायला क्लिनिकमध्ये सारखा येत असतो, आणि जास्त पेशंट कॅपसाठी आले तर लॅबचाच धंदा वाढतो, म्हणजे आमची शिफारस करण्यात त्याचा स्वतःचा फायदा. हे सुचायला दीड वर्ष लागलं. एका लॅबबरोबर चालू केलंय, त्याला कमिशन देत नाही, आधी बघायचंय की त्याच्या फायद्यासाठीच तो बोलतो का. आतापर्यंत दोन क्लिनिक आली. लिफाफा महिनाअखेरीला फोडायचा आहे, त्यात काय आहे ते मला माहीत नाही, या वेळी चिठ्ठी तिची.

आणि परवा त्या पहिल्या क्लिनिकमधल्या ताईंचा मेसेज आला. दादा, मी परत वही चालू केली आहे. मी घाबरत विचारलं, का हो ताई, सॉफ्टवेअरमध्ये नावं येत नाहीत का? त्या म्हणाल्या, येतात की, कॅपवाले सगळे येतात, पण ज्यांचा दात काढला आणि नवीन बसवायचं म्हणून विचार करून सांगतो म्हणाले, त्यांना तुमच्यात जागाच नाही, म्हणून लिहून ठेवते. किती नावं झाली विचारलं तर म्हणाल्या, तिसरं पान चालू आहे.

सोमवारी दोघं जातोय वही बघायला. लॅपटॉप नेणार नाहीये.